बकऱ्याचा समोसा

मुलुंड (पूर्व), रविवार

प्रिय निलेश,

कागदावर लिहिते आहे याचं नवल वाटेल. पण ऑफिसच्या मेलवर काय काय जपून ठेवलं जातं हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे, आणि हे फक्त तू वाचावंस अशी माझी इच्छा आहे. जमलं तर दोनदा.

परवा मालनकाकींचा फोन आला. इतक्या वर्षांनी. "बाय, माझ्या झिलाक सांभाळून घे गो," म्हणाल्या. तुमची अंधेरीची कंपनी आमच्या कंपनीने विकत घेतली आणि तिथले सगळे संगणक आता इथून मी चालवणार, हे त्यांना तूच सांगितलं असणार. फोन करायला मात्र आईला पुढे केलंस. डोळा छान आहे म्हणाल्या, सुईत दोरा ओवतात. ऐकून खरंच बरं वाटलं, कारण तो डोळा मला फार महाग पडला.

तेव्हा अंधेरीला आपल्या आयटीच्या खोलीत राजाराम सरांनी एकच नियम घालून दिला होता, आठवतो? नवा प्रोग्राम सर्व्हरवर एकदा बसवायचा आणि मॅनेजमेंट सॉफ्टवेअरमधून एका क्लिकवर सगळ्या टेबलांवर पोचवायचा. पण आधी चार-पाच मशीनवर चालवून बघायचा. त्या मशीनना आपण बकरे म्हणायचो. ज्याचं मशीन बकरा, त्याला आपल्याकडून समोसा. दिवसभर त्याच्या कामाची वाट लागायची आणि बिचारा चटणी चाटत बसायचा. तू किती हसायचास त्यांना! पुढे पुढे तुला खाली समोसे आणायला जायचाही कंटाळा यायला लागला, म्हणून बकरेच गाळायला लागलास. "होतंय गं, टेन्शन नको घेऊस." मला तो आत्मविश्वास वाटायचा. प्रेमात होते ना, अक्कल कुठली शिल्लक असायला.

त्या दिवशी अर्धी रजा टाकून मी तुझ्या आईला विक्रोळीहून घाटकोपरला डोळ्याच्या ऑपरेशनला नेलं, कारण तुला रजा मिळत नव्हती. इकडे तू आरोग्य विम्याच्या क्लेमचा नवा प्रोग्राम थेट सगळ्या ऑफिसवर सोडलास. जुना उडाला, नवा उघडेना. इस्पितळांत बरी झालेली माणसं आपल्या मंजुरीसाठी संध्याकाळपर्यंत कॉटवर बसून राहिली. आणि सोडलास तोही माझ्या लॉगिनवरून, कारण तुझ्या लॉगिनला सरांची परवानगी लागायची. पासवर्ड तुला माहीत होता. तुझीच जन्मतारीख होती ती.

दुसऱ्या दिवशी सरांनी सगळ्यांसमोर माझी लाज काढली. काम अर्धवट टाकून पळालेली मुलगी म्हणाले. तू शेजारच्या खुर्चीत पाण्याच्या बाटलीचं लेबल सोलत बसला होतास. मी वाट बघत होते रे. लेबल सगळं निघालं, तू ते खिशात घातलंस, आणि माझी नोकरी गेली. महिन्याभरात माझ्या जागेवर तू बसलास आणि आपलं लग्न 'जरा थांबूया'वर गेलं. त्यानंतर मी तुझा द्वेष केला, अगदी मन लावून, आणि त्यात मला कधी कंटाळा आला नाही.

आता कामाचं. सगळं इथून होत असल्यामुळे तिथे आयटीचा एकच माणूस पुरे आहे. कुणाला ठेवायचं ते माझ्यावर होतं. काकींना सांग, तुला ठेवलंय. उद्यापासून तुझ्या लॉगिनला कसलेही अधिकार नाहीत. प्रिंटर जोडायचा तरी मला विचारायचं. आणि बकरेही आता चार-पाच नकोत, एकच पुरेल. ते मशीन तुझं, कायमचं. जे नवं येईल ते आधी तुझ्यावर. वाट लागली की फोन तू स्वतः करायचास, आईने नाही, आणि काय काय बिघडलं ते मला सावकाश सांगायचंस. राजीनामा द्यावासा वाटला तर जरूर दे. मग मी विक्रोळीला येईन आणि काकींच्या समोर बसून त्या दिवशीची सगळी गोष्ट सांगेन. त्यांना अजून वाटतं, मी तुला सोडलं. समोसा रोज वेळेवर येईल, मी कॅन्टीनला सांगून ठेवलंय.

तुझीच नवी साहेब,
गंधाली