अण्णांनी शिवलेल्या सॅकबद्दल खरे

मी, विमला व्यंकोजी राव, वय चोवीस, टंकलेखिका, राहणार कॉटनपेट, बेंगळूरु, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहिते. ३ नोव्हेंबरचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यातले चौथे कलम खोटे होते. ‘वडिलांनी शिवलेली सॅक रामनगरच्या कड्यावर फाटली,’ असे मी लिहिले होते. सॅक फाटली नव्हती.

तब्येत ठणठणीत आहे. पण दर रविवारी मी दोराला लटकते आणि घरात लिहिता येणारी मी एकटीच, म्हणून हा कागद करून ठेवते.

१. बँकेतली शिल्लक आईला. तिने ती देवळात न देता डोळ्यांच्या ऑपरेशनला वापरावी.

२. दोर, हार्नेस आणि लोखंडी कड्या माझी चढाईतली जोडीदार निधी हिला. बूट क्लबमधल्या प्रणीतला. त्याला ते एक नंबर लहान होतील, तरी घालून पाहावेत. “विमला, ही सॅक की गाढवाचं खोगीर?” असे त्याने सर्वांसमोर विचारले होते.

३. सॅक. दुकानात मी नायलॉनची परदेशी सॅक धरून उभी होते. अण्णा, म्हणजे माझे वडील, चाळीस वर्षे तंबू आणि ताडपत्र्या शिवत आलेले. त्यांनी ती उलटी केली.

“तोंड काय बघतेस गं? बूड बघ. सगळं लोखंड तिथं बसणार, आणि शिवण तिथंच.”

“सार, इंपोर्टेड आहे,” दुकानदार म्हणाला.

“सरी, सरी, बरं. मग इंपोर्टेडच सुटेल.”

घरी त्यांनी जाड कॅनव्हासची शिवली. बूड अखंड, पट्टे तळापर्यंत नेलेले, वर ओढायचा फास मेणदोऱ्याने आरपार. दगड भरून दोन दिवस तुळईला टांगून ठेवली.

प्रणीतच्या बोलण्यानंतर मला त्या जाड फासाची लाज वाटली. मी तो उसवला आणि नायलॉनचा नाजूक फास साध्या रिळाच्या दोऱ्याने लावला. शिंप्याच्या मुलीला कळायला हवे होते. सॅक वर ओढताना माझाच टाका सुटला. ती निधीच्या डोक्यापासून हातभर अंतरावरून खाली गेली.

सॅक मी क्लबमध्येच ठेवली. घरी ‘फाटली’ एवढेच सांगितले. तेव्हापासून अण्णांच्या मशीनवर चादर आहे. गिऱ्हाईक आले की म्हणतात, “माझा टाका धरत नाही आता. माझीच पोर मेली असती की.”

सॅक अण्णांना. बूड आणि पट्टे जसेच्या तसे आहेत. त्यांनी ते स्वतः ओढून पाहावेत आणि मेणदोऱ्याने पुन्हा फास लावावा.

४. हे कलम वरचे पुन्हा वाचल्यावर घालते. अण्णांना वाचता येत नाही. मी मरेन, मग कोणी त्यांना हे वाचून दाखवील, तोवर मशीन बंद. म्हणून तिसरे कलम माझ्या मृत्यूवर अवलंबून नाही. सॅक मी घरी आणीन आणि ते कलम मीच वाचून दाखवीन. रागावले तर रागावू देत. फास लावला तर रविवारी सावनदुर्गाला तीच सॅक नेईन.

निधीला वाटा मिळतो, म्हणून तिला साक्षीला घेतलेले नाही.

साक्षीदार: हयवदन कुलकर्णी, शेजारी (सही)
मुग्धा शेषगिरी राव, सहकारी (सही)

विमला व्यंकोजी राव (सही)
बेंगळूरु, सोमवार, २० जानेवारी १९९७

तिसऱ्या कलमाची अंमलबजावणी: गुरुवार, २३ जानेवारी १९९७.