मंडळाला लिहायचं पत्र

वोलोस, सोमवार, २ सप्टेंबर

परीक्षा मंडळाचं पत्र आलं. जूनच्या इंग्रजी परीक्षेत शेजारी बसलेल्या माझ्या विद्यार्थिनी स्तामातिया आणि कालिरोई, दोघींच्या निबंधांत वाक्यं जोडणारे तेरा शब्दप्रयोग तेच, क्रमही तोच! दोघींचे निकाल रोखलेत. कुणी कुणाचं पाहिलं, वीस तारखेपर्यंत कळवा.

कुणीच नाही! अशा चाळीस शब्दप्रयोगांची यादी मीच घोकून घेतली. या ग्रीक गावातल्या सगळ्या शिकवण्यांत घेतात. स्तामातिया बावन्न वर्षांची, शाळेत सफाई करते. प्रमाणपत्र मिळालं तर नोकरी कायम होईल. साधं ‘बट’ लिहायची. मी चिडवायचो — “बाई, हा काय भाजीबाजार आहे? ‘ऑन द अदर हँड’ लिहा!” लिहिलं बिचारीनं.

४ सप्टेंबर

शिकवणीच्या मालकीण एव्हान्थियाबाई म्हणाल्या, “मास्तर, नवे प्रवेश चालू आहेत. आपण पोपट पढवतो असं सहीनिशी लिहून देणार? तोंडाला कुलूप लावा!”

मी लावलं.

९ सप्टेंबर

तरी पत्र लिहायला घेतलं. ‘माझ्यामुळे’साठी ‘बिकॉज ऑफ’ की ‘ओइंग टु’? पहिल्यात दोष उघडा पडतो, दुसऱ्यात इस्त्री करून येतो. तास गेला. शाळेत संस्कृतचे शास्त्रीबुवा सांगायचे, च-वै-तु-हि श्लोकाचा चरण भरायला असतात. माझे चाळीसही वेळ भरायला!

१२ सप्टेंबर

स्तामातिया अंजिरं घेऊन आली. “लिहिलंत, मास्तर?”

“शेवटचा हात फिरवतोय.”

“फिरवा, फिरवा. माझं काय, झाडू कुठं जातोय! कालिरोईला मात्र परदेशातलं विद्यापीठ थांबायला तयार नाही. पोरगी जेवत नाही हो.”

१३ सप्टेंबर

‘कॉन्सिक्वेंटली’ खोडलं. ‘ॲज अ रिझल्ट’ लिहिलं. खोडलं.

१६ सप्टेंबर

पुण्याच्या साप्ताहिकाला वार्तापत्र गेलं. अकराशे शब्द, एका बैठकीत. विषय — इथल्या कचेऱ्यांची दिरंगाई! लिहिताना लाज वाटली नाही. आता वाटतेय.

१८ सप्टेंबर

पत्र झालं. सुरेख झालंय. उद्या टाकतो.

१९ सप्टेंबर

टपाल कचेरीच्या पायरीवर स्तामातिया भेटली. म्हणाली, “ते पाकीट खिशात ठेवा. मी सोमवारीच मंडळात लिहून दिलं — मीच पोरीचं पाहिलं म्हणून. आज सकाळी तिचा निकाल सोडला त्यांनी.”

मी तोंड उघडलं.

“आता खरं सांगू नका हो, मास्तर. पोरीला पुन्हा अडकवतील.”