शाळेच्या व्हरांड्यातली चाल

११ ऑक्टो.
घाटनांदूर, गुडघ्यांचं फिजिओथेरपी शिबिर. दवाखाना म्हणजे शाळेचा व्हरांडा. खुर्चीतून उठा, त्या टोकाला जा, वळा, परत या. बायका कण्हत, एकमेकींना चिडवत चालल्या. पारूबाई मात्र झपझप! गुडघे सुजलेले, हात लावला की आत करकर. तरी ‘न्हाई दुखत.’ मी टाळ्याच वाजवल्या. दारातल्या मिशीवाल्यानंही मान डोलावली. सरपंच असावा.
जेवणानंतर मागच्या बाजूला गेले, तर पारूबाई पायऱ्या बसून उतरतेय. एकेक. पदर दातात. मला बघून झटकन उभी राहिली आणि हसली. मी गार.

१२ ऑक्टो.
मिशीवाला सरपंच नाही, मुकादम. ऊसतोडीला टोळी नेणारा. गावातल्या आशाताईंचा फोन आला तेव्हा कळलं. बायकांना वाटलं, जी नीट चालून दाखवेल तीच टोळीत जाणार. आणि मी त्याच्यासमोर टाळ्या वाजवल्या. शाबास माझी!
दिवसभर डोकं सुन्न. एका आजोबांचा भलताच गुडघा शेकत बसले.

१४ ऑक्टो.
परत गेले. पारूबाईला वर्गात घेऊन दार लावलं. म्हटलं, आता कुणी नाही, घरी चालता तसं चाला. पुन्हा तीच झपझप, कपाळावर घाम. रागावलेच. कशाला हे?
तेव्हा ती मटकन बसली. ‘मी न्हाई गेले तर पोरीचा बाप माझ्या जागी सुमनला नेतोय. ऊस तोडाया कोयत्याला दोघांची जोडी लागतीच. दहावीला हाय ओ ती. मी चांगली चालती म्हून सांगा की मुकादमाला. तुमचं काय जातंय?’
माझं काय जातंय.
बाहेर मुकादम उभाच. ‘मॅडम, पारूबाई धड हाय ना? तुमी म्हनाल तसं.’ मी म्हटलं, पेशंटचं बाहेर सांगत नसते. एसटीत बसल्यावर लक्षात आलं, गप्प राहिले तर तो तिला लंगडीच समजणार, मग सुमन जाणार. आणि धड आहे म्हणाले तर या हंगामात तिचे गुडघे कायमचे जातील. लई शिकले मी, पण हे कुणी शिकवलं नाही.

१७ ऑक्टो.

दुपारी अंबाजोगाईला आमच्या ओपीडीत एक मुलगी आली. शाळेचा ड्रेस, दोन वेण्या. ‘मी पारूबाईची सुमन. आईला सांगू नका, मी आल्ते म्हून.’ वाटलं, आईसाठी गोळ्या मागेल.
तिनं दप्तर खुर्चीवर ठेवलं आणि जिथून पेशंट चालवते तिथं जाऊन उभी राहिली.
‘माझं बी चालणं बघा. मंग मुकादमाला सांगा, आईला नका नेऊ, पोरगी चांगली चालती.’
आणि चालली. टोकापर्यंत, वळून परत. सरळ, हलकी, काही म्हणता काही दोष नाही.
‘पायऱ्या बी चढून दाखवू का?’
मला रडूच आलं. तिच्यासमोरच.
आता हे लिहितेय, तर मुकादमाचा फोन. उचलला नाही. परत वाजतोय.