एकच पुली पास

३ फेब्रुवारी
आजपासून आमच्या घाटकोपरच्या गाळ्यात क्वालिटीचं युग सुरू. विद्याधर सर भाच्याच्या लग्नाला कुडाळला गेले. जाताना म्हणाले, "घरगुती गिरणीच्या पुल्या आहेत, सांभाळ गं. आलो की तुला पर्मनंट करतो." म्हणजे ड्रॉइंगही माझं, तपासणीही माझी.
जुनं ड्रॉइंग पाहिलं. भोक दशांश मिलिमीटर मोठं झालं तरी चालेल म्हणे! या 'चालेल'मुळेच देश मागे राहिला. मी शतांशाच्या वर काहीही चालणार नाही असं केलं.
संकल्प : पाचला उठणे. कामगारांशी प्रेमाने बोलणे.

४ फेब्रुवारी, सकाळी साडेआठ
आत्ता उठले. रात्रभर विचार चालू होते, त्यामुळे.

संध्याकाळी
लेथवाला कुंडलिक ड्रॉइंग बघून म्हणाला, "मॅडम, ह्यातून पीठ पडणार का पेढे?" सगळे हसले. मीही हसले, प्रेमाने. मग क्वालिटीवर दोन शब्द बोलले. सगळ्यांचे चहा थंड झाले.

६ फेब्रुवारी
घरी सगळं समजावलं. आई भाकरी थापता थापता म्हणाली, "माप घेवन भाकरी कोण थापता गे? तव्यार बसली म्हणजे झाला." आईचं शिक्षण राहून गेलं.
बाबांनी चाळभर सांगून टाकलंय, पोरगी पर्मनंट झाली. घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून माझी डिग्री फ्रेम करून कपाटावर ठेवलीय. कपाटाचा एक पाय तुटका. दार उघडलं की डिग्री पडते. बाबा उचलून परत ठेवतात.

१० फेब्रुवारी
तपासणी. नापास. नापास. नापास. सगळी भोकं केसभर मोठी.
कुंडलिक म्हणाला, "मशीन म्हातारी झाली ओ, अजून किती करेल?" मशीनचे लाड माझ्याकडे नाहीत. सगळ्या मालावर लाल रंग मारला.

११ फेब्रुवारी
एक पुली पास!! मऊ रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवली. कुंडलिक म्हणाला, "चुकून झाली असेल, परत नाय होणार." जळतो.
सरांचा फोन. माल गेला का? म्हटलं, सर, क्वालिटीशी तडजोड नाही. फोन कट झाला. कोकणात नेटवर्कचे हाल आहेत.

१३ फेब्रुवारी
दहिसरहून गिऱ्हाईक यज्ञेशभाई स्वतः आले, बगलेत गिरणीची मोटार घेऊन. मी रुमाल उघडला. माझी पुली त्यांच्या मोटारीच्या दांड्यावर जाईना. त्यांनी हातोडी मागितली. मी रुमाल मिटला.
मग त्यांनी एक लाल पुली उचलली. अलगद बसली. दुसरी बसली. तिसरीही. "एकदम झकास! पण लाल कशाला केल्या?" कुंडलिक म्हणाला, "मॅडमचा फेवरेट कलर."
सगळा नापास माल टेम्पोत भरून नेला. पास झालेली तेवढी परत दिली.
त्यांचा दांडाच जाड आहे. तसं त्यांना लेखी कळवणार.

१७ फेब्रुवारी
सर आले. जुनं ड्रॉइंग परत भिंतीवर लावलं, वर मार्करने लिहिलं : 'हेच'. माझ्या पर्मनंटचं दिवाळीनंतर बघू म्हणाले. इतक्या महत्त्वाच्या निर्णयात घाई नकोच. मला ते आवडलं.
घरी सांगितलेलं नाही. योग्य वेळ बघून सांगेन.

२२ फेब्रुवारी
बाबांनी माझी पुली कपाटाच्या तुटक्या पायाखाली सरकवली. दार उघडून बघितलं, मिटून बघितलं. डिग्री जागची हलली नाही. "बघ," बाबा आईला म्हणाले, "तिच्या शिक्षणाचो उपेग झालो."
तरी कपाट किंचित डावीकडे कलतंय असं मला वाटतं. उद्या गाळ्यातून लेव्हल आणून मोजते.