रमाची निवड

इंदूर, ४ मे १९६१

प्रिय अच्युतदादा,

आज बालनाट्याच्या निवडीला तुझी रमा आली. मी नाटकात गेले तेव्हापासून, बारा वर्षं तू माझ्याशी बोलला नाहीस. अर्जावर तुझं नाव वाचून मी घाबरतच विचारलं, "घरी सांगून आलीस ना?"

"बाबाच घेऊन आले, आत्या. खाली उभे आहेत. म्हणाले, आत्याजवळ सिफारिश नाही चालणार, चांगलं केलंस तरच घेईल."

तिने रुसलेल्या आजीची अशी नक्कल केली की सगळी मुलं हसत सुटली. मी तिला घेतलं.

मग खिडकीतून पाहिलं. मल्हारगंजच्या उन्हात तू टोपी काढून घाम पुसत होतास. केस पांढरे झाले रे तुझे! हाक मारायचा धीर झाला नाही.

हे पत्र टाकत नाही. उद्या तिला तालमीला सोडायला येशील, तेव्हा मीच खाली येईन.

तुझी धाकटी,
यशोधरा