घर बघणारा

२ मार्च, रविवार. उमापूर
आजपासून मी घरमालक! पंधरा दिवसांनी करिष्मा आणि आमची सहा वर्षांची रोहिणी येणार.

घर काही डोळे झाकून घेतलं नाही. भिंतींना ओल नाही, स्लॅबला तडा नाही, बोअरला पाणी आहे, खरेदीखत चोख. शेजाऱ्यांना विचारायचं तेवढं राहिलं. जानेवारीत सगळी गल्ली ऊसतोडीला गेलेली, दारोदार कुलपं. पण विकणारा गहिनीनाथ, डी.एड.चा माझा रूममेट. एका ताटात जेवलेल्या माणसाची कसली चौकशी करायची? "तू फकस्त घर बघ, बाकी मी हाय," म्हणाला.

७ मार्च
दुपारी शाळेतून आलो तर मधल्या खोलीत कुणीतरी खोकलं. आत कुणी नव्हतं. सकाळी भरलेला माठ रिकामा. माठालाही तहान लागते म्हणायची.

१३ मार्च
गल्ली परतली. शेजारच्या रतनबाई ट्रॅक्टरवरून सामान उतरवत होत्या. घर घेतल्याचं मी मिरवत सांगितलं.

"घेतलं न्हाई गुरुजी. घर बघाया ठिवलंय तुमाला."

मी हसलो, त्या हसल्या नाहीत. तोडीला जाताना मागे घर राखायला ठेवतात तो घर बघणारा. हे घर मोकळं राहिलं तर मालकाच्याच माणसाला गिळतं, म्हणून गहिनीनाथ बाहेरचा आणतो. गेल्या वर्षी आसाराम गुरुजी इथेच दिसेनासे झाले. नवा रुळला की जुना सुटतो, म्हणाल्या.

१४ मार्च
गहिनीनाथला फोन केला. तो नाकारेल असं वाटलं होतं.

"मग माझं पोरगं द्यायचं व्हतं का बे?"

तुझ्या लग्नात पंगती वाढल्या रे मी! सामान राहू दे. तसाच निघतो.

१५ मार्च
निघता येत नाही. उंबऱ्यावरून पाय टाकतो, पडतो आतच.

मधल्या खोलीतून वाळलेला माणूस आला. मला हात जोडले. माझ्या चपला घालून गेला. उन्हात त्याची सावली पडली. माझी —

येऊ नका सांगायला करिष्माला फोन केला. हॅलो, हॅलो म्हणाली, ठेवला.

१६ मार्च
दोघी आल्या. गहिनीनाथनेच स्टँडवरून आणल्या. ओरडलो — त्यांना ऐकू येत नाही. गुरुजी गेवराईला गेलेत, सांगतोय —

त्याला मी दिसतोय.

रोहिणीला आत बसवून करिष्माला दुकान दाखवायला नेतोय. जाताना माझ्या कानाशी म्हणाला, "तुला सोडवतो बे."

नको — ती नको — पोरी, ऊठ, आईमागे —

पाय उचलतोय. आपोआप. बाहेर पड