चौथीच्या बरणीतले बेडूकमासे

६ जुलै १९८१, नाते
शाळेत दोन बरण्यांत बेडूकमासे ठेवले. एक तिसरीची, एक चौथीची. बेडूक कसा होतो ते पुस्तकातून सांगून माझाच घसा बसतो, त्यापेक्षा बघू देत. शाळेमागून वाहणाऱ्या पऱ्याचं पाणी गढूळ, रोज गाळून घालायचं. तिसरीला माझा रुमाल दिला, चौथीला लुगड्याचा तुकडा.
लुगडं घरमालकीण मावशींचं. मला सातवा लागला, बाळाच्या दुपट्यांसाठी दिलं. बाळाला पहिल्यांदा जुनंच लावायचं म्हणे. मऊ आहे, पण डांबरगोळ्यांचा वास जाता जात नाही.

१९ जुलै, रवि.
हे महाडहून आले. चार दुपटी शिवून झाली. एक गालाला लावून बसले होते, तर हे हसले.

२७ जुलै
तिसरीच्या बेडूकमाशांना मागचे पाय फुटले. चौथीच्यांना काहीच नाही. निम्मे मेले. उरले ते होते तेवढेच, दोघांच्या शेपट्या वाकड्या, जागच्या जागी गोल फिरतात. पाणी एकाच पऱ्याचं, खाणं एकच, मग हे...
चौथीच्या पोरांवरच ओरडले, बरणीत काहीबाही टाकता म्हणून.

३० जुलै
मावशी शाळेत डबा द्यायला आल्या. खिडकीत वाळत घातलेला तुकडा बघून म्हणाल्या, "ह्याच लुगड्यात बांधून पावडर झटकली गेल्या साली भातावर."
किडीची पावडर. डांबरगोळ्या कसल्या! मावशींच्या घरात ट्रंकसुद्धा नाही, मी रोज बघते.
माझं तोंड बघून त्या म्हणाल्या, "धुतलाय गो बाई. तीनदा आपटून धुतलाय."
धुतलं असणारच. मायेनं दिलं. रागवायचं कुणावर? उगीच ओरडले पोरांवर, लाज वाटते.

३१ जुलै
दुपटी चुलीत घालणार होते, धुराची भीती वाटली. परसात खोल पुरली. मावशींना कारण सांगावंच लागलं, दोन्ही बरण्या दाखवल्या. वाटलं, चिडतील. त्या चौथीच्या बरणीकडे बघत म्हणाल्या,
"उरलेल्या अर्ध्यात आमचा बाळू गुंडाळलेला."
बाळू म्हणजे नातू. दसऱ्यातला, दहावा चालू, अजून बसत नाही. सगळे अशक्त म्हणतात. मीही म्हटलंय.
"तू शिकलेली हायस. सांग, त्यानंच झाला काय?"
मला तरी काय माहीत! त्यांचा हात धरून म्हटलं, डॉक्टरांना विचारू.
उद्या सकाळच्या गाडीने बाळूला महाडला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलं. मलाही दाखवायचंय, ते मावशींना सांगितलं नाही.